आमचे साडू आणि नेतृत्वाचा पवित्रा

नळदुर्गपासून धाराशिवपर्यंतच्या टापूत आमच्या साडूंनी ज्याला नेतृत्व शिकवलं नाही, असा माणूस आता शोधूनच काढावा लागेल. हमरस्त्यानं हैदराबादेकडं जाणारे ट्रकवाले तेवढे अजून सुटलेले आहेत, आणि तेही केवळ ट्रक थांबवत नाहीत म्हणून. पतसंस्थांचे व्यवस्थापक, दूध डेअरीचे चेअरमन, बचत गटांच्या अध्यक्षा, खव्याच्या भट्टीवाले, काही माजी सभापती, एक होऊ घातलेला सभापती आणि एका लग्नात सापडलेला बँडपथकाचा म्होरक्या, या सगळ्यांना त्यांनी पाय फाकवून, गुडघे वाकवून पोटातून श्वास घ्यायला लावलेलं आहे. "पुढारी भाषणावरून वळखायचा नसतो पाहुणे, तळपायावरून वळखायचा," असं म्हणून ते समोरच्याच्या पायांकडं बघत राहतात. समोरचा बिचारा चप्पल तुटली की काय म्हणून खाली वाकतो आणि तिथंच नापास होतो.

नात्यानं ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नळदुर्गपासून आत, जिथं दुकानात निम्मी गिऱ्हाइकं कानडीत भाव करतात अशा एका गावी त्यांचं घर आणि थोडी जमीन. तरुणपणी सोलापुरात फिटरचा कोर्स करायला गेले आणि फिटर व्हायचं सोडून कराटे शिकून आले. काळा पट्टा कमरेला बांधून गावात उतरले तेव्हा त्यांच्या आईनं "हे काय बांधलंस? पाठ धरली का?" असं विचारून कढत तेल लावायला घेतलं होतं म्हणतात. पुढं बरीच वर्षं ते शाळाशाळांतून मुलींना स्वसंरक्षण शिकवत फिरले. काम चांगलं होतं, मुली धीट होत होत्या, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, मांडवात बायकापोरांना कराट्याचं प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलेल्या आमच्या साडूंच्या हातात कुणीतरी माईक दिला, आणि तिथून सगळं फिरलं. फरशा फोडता फोडता ते संचालक मंडळावर घसरले. संचालक मंडळ कसं उभं राहतं, कसं उभं राहायला पाहिजे आणि तसं उभं राहिलं तर वसुली कशी होईल, हे त्यांनी इतक्या आवेशानं सांगितलं, की सगळे संचालक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. तेव्हापासून ते कराटे मास्तर राहिले नाहीत, नेतृत्व प्रशिक्षक झाले.

पेशा बदलला तरी पोशाख बदलला नाही. तो पांढरा सैल अंगरखा, पांढरी विजार आणि कमरेला पट्टा, अशा थाटात ते एसटीनं जिल्हाभर फिरतात. एसटीत या पोशाखाचा अर्थ लोक आपापल्या गरजेप्रमाणं लावतात. एकदा मी बरोबर असताना येडशीच्या अलीकडं एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना सरकारी दवाखान्यातले समजून हात पुढं केला आणि "बगा जरा, सकाळपासनं चक्कर यायलीय," म्हणाली. दुसरा कुणी असता तर ओशाळून खुलासा केला असता. साडूंनी तिला पाय जमिनीला टेकवून ताठ बसवलं, पोटातून श्वास घ्यायला लावला, आणि पुढच्या स्टॉपपर्यंत तिला खरोखर बरं वाटलं. उतरताना ती म्हणाली, "सुई न टोचणारा डाक्टर पयल्यांदाच बगितला." हे वाक्य त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या हँडबिलावर 'समाधानी प्रशिक्षणार्थी' या मथळ्याखाली छापून टाकलं. खाली म्हाताऱ्या बाईचं नाव नव्हतं, कारण विचारायचं राहून गेलं होतं.

पायांवरून माणूस ओळखण्याच्या या विद्येचा आमच्या घरालाही उपसर्ग झालेला आहे. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या एका मुलाला आम्ही सगळ्यांनी मनोमन पसंत केलं होतं. शिकलेला, नोकरीवाला, मोजकं बोलणारा. पोह्यांच्या बशा आत गेल्यावर साडूंनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, "पोरगं टाचेवर उभं ऱ्हातंय. संकट आलं की मागं पडणार." मी दुर्लक्ष केलं, पण हे वाक्य दारामागं पुतणीच्या कानावर गेलं आणि तिनं त्या टाचांपायी ते स्थळ नाकारलं. आता तिचं दुसरीकडं लग्न होऊन छान चाललं आहे. तिचा नवरा चवड्यावर उभा राहतो, असं साडू आल्यागेल्याला सांगतात. जावईबापूंना मात्र अजून याचा पत्ता नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तेरखेड्याचा. तिथल्या एका फटाक्यांच्या कारखानदारानं दिवाळीच्या हंगामाआधी कामगारांत जरा जोश यावा म्हणून त्यांना बोलावलं. त्या कामाची शिस्तच वेगळी असते. शेड एकमेकांपासून लांब लांब, दारं सगळीकडून उघडी, चपला बाहेर, आणि बोलणं हळू आवाजात. साडूंनी ही शांतता बघितली आणि त्यांना ती मरगळ वाटली. नेता आवाजानं ओळखला जातो, असं सांगून त्यांनी पवित्रा घेतला, हात कमरेशी आणले आणि कराट्यात वार करताना देतात तशी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. पुढच्या क्षणी शेडमध्ये साडूंशिवाय कुणी नव्हतं. बायाबापड्या, माणसं, हार घालायला आलेला मुनीम, सगळे अनवाणी समोरच्या तुरीच्या रानात पोचले होते, आणि सगळ्यांच्या पुढं कारखानदार होता. रानातूनच एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "ओ सर! हितं वरडायचं नसतंय! हितं कुणी वरडलं की पळायचं असतंय, येवढं बी ठाव न्हाय व्हय?" साडूंनी शांतपणे हात जोडले. हा प्रसंग ते स्वतःच्या प्रत्येक शिबिरात सांगतात, फक्त शेवट जरा वेगळा करून. "एका आरोळीवर अख्खा कारखाना हलवला," असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काहीच नाही.

इतक्या लोकांना नेतृत्व शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र कुणी कधी कशाचंही पुढारपण दिलं नव्हतं. घरात मेव्हणीचं राज्य. बियाणं कोणतं घ्यायचं इथपासून पाव्हण्यांना किती दिवस राहू द्यायचं इथपर्यंत सगळं ती ठरवते, आणि हे तिला वाकून नमस्कार करून बाहेर पडतात. भावकीत लग्न निघालं तर यांच्याकडं पंगतीत कुत्री येऊ न देण्याचं काम. गणपती मंडळात ते कायमचे सल्लागार, म्हणजे ज्यांना कुणी काही विचारत नाही ते. मी थट्टेनं एकदा हे बोलून दाखवलं, तेव्हा ते हसले नाहीत. "खरंय पाहुणे," म्हणाले, "समद्यास्नी उभं केलं. आपण कुठं उभं ऱ्हायलोच न्हाय." मला माझ्या थट्टेचं वाईट वाटलं, कारण हे दुखणं इतकं आतलं आहे याची मला कल्पना नव्हती.

म्हणून गेल्या खेपेला त्यांच्या गावचं सरपंचपद खुल्या प्रवर्गाला सुटलं आणि साडूंनी अर्ज भरला, तेव्हा मी रजा टाकून प्रचाराला गेलो. वातावरण चांगलं होतं. ज्या घरात जावं तिथं त्यांची एखादी तरी विद्यार्थिनी होती, आणि या माणसानं आपल्या पोरींना रस्त्यानं मान वर करून चालायला शिकवलं, हे आया विसरल्या नव्हत्या. मेव्हणीनं तर हळदीकुंकवाच्या निमित्तानं अर्धं गाव पालथं घातलं. विरुद्ध उभा होता तो हमरस्त्यावरचा एक ढाबेवाला. माणूस भला, धिप्पाड, आमटीचं पातेलं एका हातानं उतरवणारा; पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. आणि यातली गोम अशी की ती बोबडी घालवण्यासाठी तो उन्हाळ्यातच साडूंच्या शिकवणीला लागलेला होता.

कुणाही शहाण्या माणसानं अर्ज भरल्या दिवशी ही शिकवणी बंद केली असती. साडू मात्र दिवसभर स्वतःचा प्रचार करायचे आणि दिवस कलला की ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत जाऊन विरोधी उमेदवाराला भाषण करायला शिकवायचे. मेव्हणी माझ्याजवळ कपाळावर हात मारून घ्यायची. "दाजी, तुमी तरी सांगा की ह्यास्नी! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायलेत!" मी सांगून बघितलं. ते म्हणाले, "त्याचा श्वास आजून छातीतच अडकतोय. आर्ध्यात कसा सोडू? शिकवणारा शिष्याला आर्ध्यात सोडत नसतो." पुढारी होण्यासाठी आधी काय सोडावं लागतं, हे नेतृत्व प्रशिक्षकाला सांगण्याइतकी माझी ताकद नव्हती.

त्या गावची एक रीत आहे. प्रचार संपतो त्या दिवशी ऊन उतरल्यावर दोन्ही उमेदवारांनी मारुतीच्या पारावर येऊन एकाच माईकवरून गावाशी बोलायचं. आधी साडू बोलले. सुंदर बोलले. श्वास, तोल, नजर, पाय घट्ट आणि मन मोकळं, काय काय सांगितलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, की निवडून आल्यावर गावासाठी काय करणार, हे सांगायचं ते साफ विसरले होते. पण मी घाबरलो नाही, कारण आता ढाबेवाल्याची पाळी होती.

तो माईकसमोर उभा राहिला आणि "माज्या गावकऱ्यांनो" एवढं म्हणून थांबला. थांबला तो थांबलाच. घाम फुटला, ओठ हलायला लागले, आवाज काही येईना. मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्या हसण्याला आणखी हसणारे मिळाले. मेव्हणीनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्याही चेहऱ्यावर असणार: निवडणूक आपण जिंकली. मी साडूंकडं वळलो तर ते जागेवर नव्हते. गर्दीतून वाट काढत ते पाराच्या अगदी समोर जाऊन, ढाबेवाल्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहिले होते. त्यांनी पाय फाकवले, गुडघे किंचित वाकवले, एक हात पोटावर ठेवला आणि सगळ्या गावादेखत, स्वतःच्या विरोधी उमेदवाराला दिसेल असा, सावकाश श्वास घेऊन दाखवला. पुन्हा घेतला. हसणं थांबलं. ढाबेवाल्यानं त्यांच्याकडं बघत बघत पाय सरकवले आणि श्वास घेतला.

"मला बोलाया येत न्हाय," तो म्हणाला. "वरच्या वस्तीला पाणी चढत न्हाय. माजी आई घागर घिऊन उतरायची, आता माजी बायकू उतरती. म्या पाईप वर चढवणार. येवढंच."

भाषण इतकंच होतं. टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, पण वाजायला लागल्या त्या वरच्या वस्तीच्या बायकांकडून सुरू झाल्या, आणि मला तिथंच निकाल कळला. साडूंना तो माझ्याआधी कळला असावा. पण त्यांचा चेहरा सांगू? विद्यार्थी पास झाल्यावर मास्तरचा होतो तसा फुललेला होता. मेव्हणी घरापर्यंत आमच्या दहा पावलं पुढंच चालत राहिली.

निकालाच्या दिवशी गुलालानं माखलेला ढाबेवाला मिरवणूक मध्येच सोडून यांच्या दारात आला आणि यांच्या पाया पडला. वाजंत्रीवाले बाहेर थांबले होते. साडूंनी त्याला उठवून उभं केलं, त्याचे खांदे दोन्ही हातांनी खाली दाबले आणि म्हणाले, "सैल सोड. आता समदं गाव बगणार तुज्याकडं." मेव्हणीनं चहाचे कप जरा जोरातच आपटले, पण चहा दिला. गुलालाचा एक फराटा साडूंच्या पांढऱ्या अंगरख्यावर राहिला. तो झटकायला ते विसरले की झटकावासा वाटला नाही, मला सांगता येणार नाही.

दिवस मावळताना आम्ही दोघंच अंगणात बसलो होतो. गावातून ढोलाचा आवाज येत होता. साडू नेहमी बसायचे तसे ताठ बसलेले नव्हते, भिंतीला टेकलेले होते.

"पाहुणे, येक इचारू?" ते म्हणाले. "तुमचं मत हितं आसतं, तर तुमी कुणाला दिलं आसतं?"

"तुम्हालाच," मी म्हणालो. जरा घाईनंच म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कराटे शिकवायचे तेव्हा पडल्यावर 'लागलं न्हाय सर' म्हणणाऱ्या मुलींकडं बघून ते अशीच मान हलवत असणार. "ऱ्हाऊ द्या. पाणी तर पायजेच वरच्या वस्तीला." मग त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "येवढं समदं झाल्यावर वाटलं, आपुनबी मत त्यालाच द्यावं. शोभलं आसतं. आत गेलो, त्याचं बटनबी दिसलं. पर बोट तिकडं जाईनाच. म्या सोतालाच दिलं, बरं का. लई वाटत हुतं ओ, येकदा तरी."

एवढं बोलून ते हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला, आणि आतून जेवायला हाक येईपर्यंत तो तसाच राहू दिला.