अव्ययसरांचं एक अक्षर

व्याकरण शिकवणाऱ्या त्या सरांना सगळी शाळा अव्ययसर म्हणायची. ‘तो येईना’, ‘ये ना!’, ‘आलास ना?’ अशी वाक्यं फळ्यावर लिहून ते विचारायचे, “अक्षर तेच. मग एकीकडे नकार, दुसरीकडे विनवणी, तिसरीकडे प्रश्न कसा झाला? नुसतं अक्षर बघून याची जात सांगू नका. आधी वाक्य बघा.”

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त ‘ना’ निघे. पाणी हवं, ‘ना’. उशी टोचते, ‘ना’. शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या बायकोला चेहऱ्यावरून निम्मंअधिक कळायचं. बाकीचं अंदाजपंचे.

मग घास गिळता येईना. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाकातून नळी घालावी लागेल. सर, घालू?”

“ना,” सर म्हणाले.

“नको म्हणतायत,” लेक म्हणाली.

“की घाला ना म्हणतायत?” बायकोने विचारलं. एवढ्याशा अक्षरावर त्यांचं पुढचं सगळं ठरायचं होतं. ती खाटेच्या कडेवर बसली, त्यांचा डावा हात धरला.

“अहो, वाक्य मी सुरू करते. तुमचं असेल तर पुरं करा. डॉक्टर, नळी घाला...”

सर गप्प. डोळे तिच्यावर.

“डॉक्टर, मला घरी सोडा...”

“ना,” सर म्हणाले. लांबवून, अगदी हट्ट केल्यासारखं.

तिने पुन्हा विचारलं, वाक्यं उलटसुलट करून. ‘घरी’ आलं की ‘ना’, नळी आली की तोंड मिटलेलं. लेक खिडकीकडे तोंड करून रडत होती. डॉक्टरीणबाईंनी धोके समजावले आणि घरी न्यायची परवानगी दिली.

घरी बायको त्यांना टेकवून बसवायची, चमच्याचमच्याने भरवायची. ठसका लागला की थांबायची, पाठीवरून हात फिरवायची. थोड्याच आठवड्यांत छाती भरली आणि एका दुपारी ते गेले.

पाहुणे पांगल्यावर लेकीने विचारलं, “आई, आपण चुकीचं तर नाही ऐकलं?”

“तेच मी रोज स्वतःला विचारते गं,” आई म्हणाली. तिने अंथरुणाची चादर काढली, घडी घातली आणि मशीनवरचं अर्धवट राहिलेलं काम पुढे ओढलं.