त्रासाच्या रकान्यातला नळ

दस्तनोंदणीच्या कचेरीत बाईंनी तेवीस वर्षं शिक्के मारले. समोर माणसं बसायची, सह्या करायची, शिक्का पडायचा, आणि दारापर्यंत गेलेला एखादा परत येऊन हळूच विचारायचा, "बाई, आता मागे घेता येतं का हो?" येत नसे. "नाही" म्हणून म्हणून बाईंचा जीव विटला. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. भाड्यानं दिलेलं घर विकावं की ठेवावं, या विचारानं ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांनी शिक्का पडण्याआधी इथे यावं, असा हा धंदा. पाटीवर चांगलं लांबलचक नाव रंगवलं होतं. लोकांनी ते वाचायची तसदी न घेता त्यांना 'विकू-नको-बाई' करून टाकलं.

बाईंची पद्धत साधी. एक पिवळा कागद, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'त्रास', उजवीकडे 'आधार'. माणूस बोलत जायचा, बाई लिहीत जायच्या. घरीसुद्धा तेच. नवऱ्यानं एकदा जुनी सायकल विकायची म्हटलं, तर बाईंनी पिवळा कागद काढला. सायकल अजून घरात आहे. "माझाही एक कागद असणार कुठेतरी," नवरा पाहुण्यांना सांगतो, "पण बघायची छाती होत नाही."

दुसरा नियम असा, की भाड्याचं घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. हा नियम बाईंनी एकदाच मोडला, आणि त्या एकदाचीच ही गोष्ट.

ड्रायव्हरकाका आले ते मुलीचा हात धरून. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, आता पंच्याहत्तरीला टेकलेला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या मालकीच्या दोन खोल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यात अकरा वर्षांपासून एक भाडेकरू होती.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी जावंच लागतं," काका सांगत होते. "एकदा नळ गळतो. एकदा कडी निखळते. एकदा दिव्याचं बटण. दोन बस बदला, हत्यारांची पिशवी घेऊन तीन जिने चढा! त्या ताईला साधा खिळा ठोकता येत नाही."

"काय करतात त्या?"

"शिलाई मशीन दुरुस्त करते. एकटी असते."

इथे बाईंचा पेन थांबायला हवा होता. थांबला नाही. बाहेर बाकावर तिघं ताटकळत होते, बाईंचा पाय मुरगळलेला होता, आणि काकांची मुलगी रडकुंडीला आली होती. मुलगी वाईट नव्हती हो. बाप एक दिवस त्या जिन्यावरून पडेल, या धास्तीनं ती तो रविवारभर फोन करत राहायची. डावा रकाना भरून गेला: नळ, कडी, बटण, दोन बस, तीन जिने. उजवीकडे एकच ओळ, भाडं वेळेवर मिळतं.

"विका," बाई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, परत आले, टेबलावरच्या कागदाकडे क्षणभर बघत उभे राहिले. बाई तोवर पुढच्याला हाक मारत होत्या. काका निघून गेले.

महिनाभरात गिऱ्हाईक मिळालं. शनिवारी इसार घ्यायचं ठरलं. काकांच्या वतीनं घरातल्या कपाटं-दिव्यांची यादी करायला बाई गुरुवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, बरा झालेला पाय पायरीपायरीवर शिव्या घालत होता.

मशीनवाली पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, मनगटापर्यंत तेल. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं एक मशीन पार उघडलं होतं. शंभरेक तुकडे ओळीनं मांडलेले, त्यातले कित्येक तांदळाच्या दाण्याएवढे. मोरीतला नळ मात्र टपटप गळत होता.

"हा नळ?" बाईंनी विचारलं.

"रविवारी मालक येतील ना, बघतील," ती मान वर न करता म्हणाली.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मग नळाकडे पाहिलं. परत टेबलाकडे. खिडकीत एक काचेची बरणी होती आणि तिच्यात नळाचे वायसर होते, त्या रबरी चकत्या, सगळे नवे कोरे, तीसचाळीस तरी.

"हे कोणाचे?"

मशीनवालीनं हातातला पेचकस खाली ठेवला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"त्यांनीच घातलेले. ते गेले की नळ दोन-तीन आठवडे नीट चालतो. मग मी नवा काढते आणि झिजलेला घालते."

"अहो, पण कशाला?"

"त्यांची बायको गेली, त्यानंतर भाडं घ्यायला आले. दारातच उभे. आत या म्हटलं, तर म्हणाले, आत काही काम आहे का? काम असेल तर येतो." तिनं फडक्याला हात पुसले. "काम काही नव्हतं. तसेच जिना उतरून गेले. मी वरून बघत होते. मधल्या मजल्यावर बराच वेळ उभे राहिले. पुढच्या महिन्यात मी काम काढून ठेवलं."

बाईंनी शनिवारी इसार ठरल्याचं सांगून टाकलं.

"मला खोली कुठेही मिळेल," ती म्हणाली. "मशीनं काय, कुठेही उघडता येतात. त्यांचं काय होईल? त्या रविवारी मी दुसरं काम घेत नाही. चहा होतो, ते पिशवी उघडतात, मला रागावतात. मुलीकडे त्यांना कोण म्हणणार, हे दुरुस्त करून द्या? पण त्यांना यातलं काही सांगू नका. मला शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. यादी तशीच कोरी घेऊन त्या जिना उतरल्या आणि मधल्या मजल्यावर त्यांनाही थांबावं लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. एका माणसाचं उरलंसुरलं त्यांनी त्रास म्हणून लिहून घेतलं होतं, आणि वर सहीनिशी सल्ला दिला होता.

शुक्रवारी सकाळी त्या काकांच्या घरी गेल्या. मुलगी कामाला गेली होती. हत्यारांची पिशवी दाराशी तयार होती, पाने-पकडी तेल लावून पुसलेल्या. बाईंनी पिवळा कागद पुढे ठेवला.

"काका, माझी चूक झाली." त्यांनी डावीकडचा 'नळ' खोडला आणि उजवीकडे लिहिला. मग कडी. मग बटण.

काका बघत राहिले. "तिनं सांगितलं?"

"काय सांगणार?" दिलेल्या शब्दाला जागून बाई म्हणाल्या.

काका हसले. "बाई, मी चौतीस वर्षं बस चालवली. कुठला नट ढिला आहे ते मला आवाजावरून कळायचं. मी घातलेला वायसर पाच वर्षं हलत नाही, आणि हिच्याकडे दर महिन्याला झिजतो? पहिल्यांदा कडी निखळली तेव्हाच ओळखलं. आपोआप ढिले झालेले स्क्रू कमीजास्त असतात. हिचे चारही मोजून तीन-तीन आटे सैल! चोख काम करते पोरगी, लबाडीसुद्धा चोख."

"माहीत होतं, तर मग माझ्यापुढे त्रास म्हणून का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, जावं लागतं का. लागतं म्हणालो. पोटच्या मुलीसमोर कसं सांगू, की नळ गळतो म्हणून मला बरं वाटतं?" काकांनी पिशवीचा बंद उगाच सोडून परत बांधला. "दारातून परत आलो होतो मी, तुम्हाला सांगायला. तुम्ही पुढच्याला हाक मारत होतात."

तेवीस वर्षं दारातून परत येणारी माणसं पाहिलेल्या बाईंनी हे एकच माणूस पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि काकांनी पाणी आणायच्या निमित्तानं आत जाऊन त्यांची सुटका केली.

संध्याकाळी बाईंनी मुलीला समोर बसवून, मशीनवालीचं गुपित वगळून, बाकी सगळं सांगितलं. मुलीनं पिवळा कागद उचलून उजवा रकाना वाचला. मग म्हणाली, "तीन जिने चढणारच असतील, तर पिशवी मी उचलेन. दारात ठेवून खाली येईन, आत मात्र जाणार नाही." गिऱ्हाइकाला नकार कळवला. ते बरंच रागावलं, आणि बाईंनी निमूट ऐकून घेतलं.

पिवळ्या कागदावर आता सगळ्यात वर एक प्रश्न असतो: तिथे जायला आवडतं का? आणि बोलणं संपून माणूस उठला, की बाईही खुर्चीतून उठतात, त्याच्याबरोबर दारापर्यंत जातात, आणि तो जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत पुढच्याला हाक मारत नाहीत.