जिभेखालची गोळी

दादाची गोळी जिभेखाली ठेवायची असे. सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात रोज सकाळी, सिस्टरसमोर. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तारापूरच्या कारखान्यात गोण्या उचलून त्याची कंबर गेली होती. सोबत्यांनी अफूच्या जातीच्या कॅप्सूल दिल्या. दुखणं थांबलं आणि कॅप्सूलचीच चटक लागली. त्याच कंबरेवर माझं कॉलेज झालं. घरातला पहिला पदवीधर मी.

गोळी सुरू झाली आणि दादा माणसांत आला. गावी, गंजाडच्या शेतात पुन्हा राबू लागला. वहिनी त्याच्याशी भांडायला लागली, म्हणजे घर ताळ्यावर आलं.

मग मामा आले. "एक सोडली नि दुसरी धरली! देवीसमोर नारळ ठेव, सगळं बंद म्हण. आपल्यात शपथेवर दारू सुटते, ही काय मोठी लागून गेली?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला. तू सांग."

मला त्या औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची लाज वाटली. "मामा बरोबर बोलतात," मी म्हणालो. "रोजची गोळी म्हणजे सवयच की."

या वाक्याचा संताप अजून उतरत नाही. मामा तरी अडाणी होते.

नारळ फुटला. तिसऱ्या दिवसापासून दादाला जुलाब, अंगात कळा, झोप नाही. "घाण बाहेर पडतेय," मामा म्हणाले, आणि आम्ही सगळे बघत बसलो. पंधरा दिवसांनी दादाने जुन्या मापाने कॅप्सूल घेतल्या. भरदुपारी वहिनीला तो ओटीवर सापडला, ओठ निळे, श्वास कसाबसा.

दवाखान्यात तो वाचला. वहिनीने शपथेचं सांगितलं तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले, "प्रेशरची गोळी सोडता का देवीसमोर? हे औषध आहे. कमी करायचं तर केंद्रात हळूहळू करतात. खंड पडला की जुनं माप शरीराला झेपत नाही." एवढं विचारायला मला दहा मिनिटं लागली असती.

घरी आलो तर मामा दारात. "शपथ मोडली. आता पुन्हा गोळी घेतली तर..."

"तो दोष माझ्या माथी. तुमची कंबर धरते तेव्हा तुम्ही शपथ घेता की इंजेक्शन, मामा?"

"हेच शिकलास कॉलेजात?"

"विचारायला कॉलेजात शिकलो असतो तर बरं झालं असतं."

दादा भिंतीला टेकून ऐकत होता. "तू म्हणालास म्हणून सोडली. आता तू म्हणतोस म्हणून घेऊ?"

"मला कळत नाही, दादा. सिस्टरला विचारू. मी येतो सोबत."

तो भिंत धरून उठला. मग वहिनीला म्हणाला, "शर्ट दे." आणि मामांना ओलांडून बाहेर पडला.