उकळलेल्या निंबोळ्या

साहेबांनी डिपर पाटात बुडवला, वर काढला आन् माझ्याकडं बघितलं. डिपर म्हंजी लांब दांड्याचं वगराळं, त्यात डासाच्या अळ्या मोजायच्या. वगराळं भरून वळवळत व्हत्या.

"बिरू, औषध टाकलं होतंस ना?"

"व्हय साहेब. दोनदा."

नव्वदीतली गोष्ट. लासुर्ण्याकडं हिवतापाच्या फवारणीला मी हंगामी व्हतो. उसाच्या कडंला पाणी साचायचं, डास व्हायचं, माणसं थंडीतापानं हुडहुडायची. साहेबांनी ठरवलं, हितं नुसतं निंबोळीचं औषध वापरून बघायचं. काम माझ्यावर. जमलं तर पुढच्या हंगामाला बोलावणार, न्हाय तर कायमचा घरी.

साहेबांनी सांगितलेलं, निंबोळ्या कुटा, गार पाण्यात भिजवा, फडक्यातनं गाळा. मला पटंना. आमच्या घरात बापजाद्यापास्नं मेंढरं. मेंढराचं औषध म्हंजी पाला उकळायचा, पाणी निम्मं व्हईस्तवर. गार पाण्याचं औषध असतंय व्हय कुठं? साहेब शिकलेला माणूस, चुकला आसंल. मी त्यांची चूक गुपचूप सुधारली. आता पाटावर साहेबांनी इचारल्यावर सांगून टाकलं.

"उकळलंस?" साहेब वरडलं.

"चांगलं कडक केलंय साहेब."

"अरे, उकळल्यावर त्यातला गुणच जातो! तू अळ्यांना चहा पाजलास."

बांधावर रानाचं मालक तात्या हुबं व्हतं. म्हणालं, "तरीच लेकाचं डास जोमात हायती!"

साहेबांनी एक डाव परत दिला. ह्या टायमाला गार पाण्यात केलं, चुलीकडं बघितलं बी न्हाय. रोज सकाळी पाटावर जायचो. अळ्या जित्याच. आठव्या दिवशी कामाचं सरकारी खाकी कपडं धुऊन, घडी घालून घेऊन गेलो.

"साहेब, मेल्या न्हाईत. हे कपडं घ्या, फवारायचा पंप पलीकडं ठेवलाय."

साहेबांनी डिपर बुडवला. "निंबोळीनं अळी लगेच मरत नाही. तिची वाढ थांबते. कोष दिसतोय का एखादा?"

कोष म्हंजी डास व्हायच्या आदलं रूप. मी डोळं फाडून बघितलं.

"एक बी न्हाय."

"मग डास कुठून होणार?"

तात्या म्हणालं, "म्हंजी ह्या बिरूवानीच. जितं हाय, पर वाढ न्हाय."

पुढच्या हंगामाला मला बोलावलं. औषध करायच्या कागदात साहेबांनी एक ओळ वाढवलेली, मला वाचून दाखवली, 'तयार करताना जवळपास चूल नसावी.'

खाली नाव साहेबांचं हाय. पर ओळ माझी हाय.