पुडीवरचा अर्धा चंद्र

माझ्या काकांनी चाळीस वर्षं गावाला औषधं दिली आणि एकाही माणसाला त्याच्या औषधाचं नाव कळू दिलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि या एका गोष्टीवरून आमचं वीस वर्षं भांडण आहे.

आधी ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी औषधांचं दुकान आलं, मालक बदलला, पण काका त्याच स्टुलावर राहिले. गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापायची, गोळ्या कागदाच्या पुडीत घालायच्या आणि पुडीवर पेननं चित्र काढायचं. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री, अर्धा चंद्र म्हणजे रात्री अर्धी. गाव त्यांना पुडीकाका म्हणतं. मी म्हणायचे, "काका, निदान नाव तरी लिहा." ते म्हणायचे, "नाव कळलं की जो तो डॉक्टर होतो."

याला कारण होतं. फार पूर्वी एका शिंप्यानं आपल्या गोळीचं नाव शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं ती आणून खाल्ली आणि मरता मरता वाचला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजतं. पण आमच्या काकांनी त्या एका शेजाऱ्यापायी सगळ्या गावाला अडाणी ठेवलं.

मग नदी गावात आली आणि पाच दिवस हलली नाही. दुकानात छतापर्यंत गाळ बसला. लोकांच्या पुड्या गेल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या गेल्या, फोन बंद पडले. टेकडीवरच्या शाळेत छावणी उघडली आणि मला तिथं पाठवलं. बाहेरून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. औषधांची खोकी ढिगानं आली होती. त्यात खोकल्याचं औषध इतकं, की सगळं गाव वर्षभर खोकलं असतं तरी उरलं असतं. एका खोक्यात केस गळण्यावरचं तेल निघालं. पाठवणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे.

रांगेतला प्रत्येक जण एकच सांगायचा. "बाई, ती पांढरी. चपटी. मधे रेघ असलेली."

"अशा दोनशे गोळ्या असतात," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "नाव काय?"

"पुडीकाकांना माहीत."

तिसऱ्या दिवशी काकांना एका गच्चीवरून बोटीनं आणलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला, अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. त्यांना नीट जेवूसुद्धा दिलं नाही कुणी. लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि एकेका माणसाकडे बघून सांगू लागले. याला साखरेची, सकाळ-संध्याकाळ. हिला थायरॉइडची, उपाशीपोटी. याला फिट्स येतात, याची आधी द्या. डॉक्टरीणबाई तपासून, दाब मोजून, ताडून बघायच्या आणि काका बरोबर निघायचे. दोन दिवसांत दीडशे माणसं. मला अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून स्वतःचाच राग आला. ज्यानं कुलूप घातलं त्याच्याच हातात किल्ली, आणि लोक त्यालाच धन्यवाद देत होते.

दमले होते फार. मधेच बोलता बोलता डोळे मिटायचे. मी म्हणाले, "थोडं आडवं व्हा." म्हणाले, "आडवा झालो तर आठवणार नाही."

पाचव्या दिवशी बेकरीवाली आली. खरं तर ती पहिल्या दिवसापासून छावणीतच होती, पण रांगेत कधी आलीच नव्हती. फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. पाणी चढायच्या आदल्या दिवशी तिचा नवरा पलीकडच्या गावी म्हाताऱ्या आईला आणायला गेला होता, तो परतला नव्हता. आमचं ठरलंय, ती सांगायची, चुकामूक झाली तर शाळेच्या फाटकाशी भेटायचं. जेवायलासुद्धा तिथून उठायची नाही. तिच्या हृदयात बसवलेली झडप आहे. त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज लागते. ती दोन दिवस झाले संपली होती.

"पण पुडी सांभाळलीय," ती म्हणाली. गळ्यातली प्लास्टिकची पिशवी तिनं सोडली. घरातून एवढी एकच वस्तू घेऊन ती छातीइतक्या पाण्यातून आली होती. आत काकांची पुडी, कोरडी ठणठणीत, रिकामी. वर स्वच्छ काढलेला अर्धा चंद्र.

डॉक्टरीणबाईंनी पुडी उलटसुलट केली. "ही गोळी दोन मिलिग्रॅमचीही येते, चारचीही येते. अर्धी कशाची?"

काकांनी पुडी हातात घेतली. स्वतःचंच अक्षर, म्हणजे स्वतःचंच चित्र, बघत राहिले.

"कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जास्त झाली तर आत रक्तस्राव होईल. इथं रक्त तपासायची सोय नाही. नक्की माहीत नसेल तर आत्ताच्या बोटीनं मोठ्या दवाखान्यात जावं लागेल."

"मी कुठंही जाणार नाही," बेकरीवाली म्हणाली. "ते आले आणि मी दिसले नाही तर त्यांना काय वाटेल? काका, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ती खाते."

सगळी रांग काकांकडे बघत होती.

"चारची," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. बेकरीवाली खुर्चीकडे निघालीसुद्धा. काका उठले, नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि तसेच ओल्या तोंडानं परत आले.

"खोडा ते," ते म्हणाले. "मला आठवत नाही."

"आत्ताच तर म्हणालात."

"तिला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून म्हणालो. मधे तिची गोळी बदलली होती. आधीची दोनची होती की आताची, ते मला आठवत नाही." रांगेत कुजबुज झाली. काका लाल झालेल्या कानांनी तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

बेकरीवाली रडली, भांडली. काकांना म्हणाली, "एवढं एक आठवलं नाही तुम्हाला?" काका म्हणाले, "तू जा. तुझ्या खुर्चीवर मी बसतो. तो येईपर्यंत उठणार नाही."

ती गेली. काका खुर्चीवर बसले ते बसलेच. रांगेला मी सांगितलं, काका आता तिकडे. लोक फाटकाशी जाऊन विचारायचे, आणि काका तोंड फिरवायचे. "खात्री नाही. डॉक्टरीणबाईंना विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटवाल्यानं मोठ्या दवाखान्यातून चिठ्ठी आणली. बेकरीवालीचे कागद तिथल्या कॉम्प्युटरमध्ये सापडले होते. पंधरा दिवसांपूर्वी चारची बंद करून दोनची दिली होती. रोज अर्धी. म्हणजे काकांनी सांगितली होती तिच्या निम्मी. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खिशात घातली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

बेकरीवाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. आई पाठीवर, स्वतः कमरेपर्यंत चिखलात. खुर्चीवर बायकोच्या जागी काका दिसले तसा जागच्या जागी थांबला. त्याच्या तोंडाचा रंग उडालेला मी व्हरांड्यातून बघितला.

"आहे," काका आधी तेवढंच बोलले. "बरी आहे. मोठ्या दवाखान्यात आहे." मग म्हणाले, "मी तिला चुकीची गोळी सांगितली होती. वेळेवर खोडली."

त्याला त्यातलं काही कळलं नसावं. त्यानं आईला खाली उतरवलं आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला. रडत होता. काकांनी हात सोडवून घेतला.

"हात नको धरूस. गोळीचं नाव पाठ कर," ते म्हणाले आणि खिशातली चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. ते अवघड नाव म्हणताना तो दोनदा चुकला. काकांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग आकडा म्हणायला लावला.

तो गेल्यावर मी काकांना उठवायला गेले. गुडघे धरले होते, एकट्यानं उठता येईना. गेली वीस वर्षं मनात तयार ठेवलेलं एक वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. एवढ्या दमलेल्या माणसाला काय ऐकवायचं?

काकाच म्हणाले, "वीस वर्षं सांगत होतीस तू."

"हो."

"मग जोरात का नाही सांगितलंस?"

मी जोरातच सांगितलं होतं. दरवेळी सांगितलं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की मी म्हणाले, "चुकलं माझं, काका." आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.