चार पोती जादा

पेरणीच्या आधीचे वीस-पंचवीस दिवस म्हणजे आमच्या धंद्याचं वर्ष. त्या दिवसांत परवाना निलंबित झाला, तर पुढं दुकान उघडायचं ते फक्त झाडून काढायला. म्हणून जळकोटच्या पुढं हायवेला लागून असलेल्या माझ्या कृषी सेवा केंद्रात मी दर शुक्रवारी एक यादी घेऊन फिरते. परवाना भिंतीवर दिसेल असा. साठा आणि भावाचा फलक आजच्या तारखेचा. मुदत संपलेली औषधं वेगळ्या कपाटात, कुलपात. अशा चौदा बाबी आहेत. दोन वर्षांमागं कृषी खात्याचं तपासणी पथक आलं, त्या सकाळी चौदाच्या चौदा बाबींवर बरोबरची खूण होती.

पांढरी जीप थांबली ती आमचे हमालमामा आधी बघून आले. गेली बारा वर्षं दुकानातली पोती तेच चढवतात-उतरवतात.

"ताई, भरारी पथक आलंय. चहा सांगू का?"

"पाणी द्या. चहा ते घेत नाहीत."

"आन् घेतला तर?"

"तर मग आपण घाबरायचं."

दोघं होते. एक तपासणारे साहेब आणि एक लिहिणारा. साहेब शांत होते, आवाज चढवणारे नव्हते. फलक वाचला, कपाट उघडायला लावलं, बिलबुकं चाळली. मी मागतील ते कागद मागायच्या आधी पुढं ठेवत होते. अर्ध्या तासात कागद संपले. मग ते म्हणाले, "गोदाम बघू."

डीएपी खताची पोती त्यांनी स्वतः मोजली. सत्तावन्न. नंतर काउंटरवरचं अंगठ्याचं मशीन बघितलं. अनुदानाचं खत गिऱ्हाइकाच्या आधारच्या ठशावरच विकायचं, आणि ठसा उमटला की मशीन तेवढा माल साठ्यातून वजा करतं. मशीनवर शिल्लक साठा चाळीस.

"सतरा पोती जादा आहेत, मॅडम."

"ती विकलेली आहेत. ठेवीची आहेत."

ठेव म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माणूस बाजाराला येतो, खत घेतो, मशीनवर अंगठा देतो. पण गावाकडं जाणारा टेम्पो त्याला दोन-चार दिवसांनी मिळणार असतो. तेवढे दिवस पोती माझ्या गोदामात राहतात. मशीनच्या हिशेबानं माल गेलेला, खरा माल भिंतीला टेकलेला. पथकाला ते वेगळंच दिसतं: खोटी विक्री दाखवायची, माल दडवायचा आणि टंचाई आली की चढ्या भावानं काढायचा. तसं करणारे असतात, म्हणून त्यांना तसं दिसतं. त्यांचंही चुकत नाही.

मी ठेवीची वही काढली. नाव, गाव, पोती, तारीख. बेरीज सतरा. मला वाटलं, झालं. साहेबांनी ती वही आणि मशीनच्या पावत्या शेजारी ठेवल्या आणि एकेक नाव जुळवत गेले. तेरा पोती जुळली. चार उरली.

"या बाईंच्या नावावर पावतीच नाही."

त्या क्षणी मला माझी चूक कळली. वहीत मी खऱ्या मालकाचं नाव लिहिलं होतं.

त्या मावशी पलीकडच्या वस्तीवरच्या. दोन एकर स्वतः करतात. चाळीस वर्षं खुरपणी आणि ऊसतोड करून बोटांची कातडी अशी गुळगुळीत झालीय की मशीन त्यांचा ठसा धरतच नाही. मग भावकीतला पुतण्या येतो, अंगठा देतो, पोती मावशींची. पावती पुतण्याच्या नावावर. माझ्याकडं येणाऱ्यांत अशा त्या एकट्याच नव्हेत.

हमालमामा माझ्या मागं येऊन हळूच म्हणाले, "पुतण्याचीच हायती म्हणा की. पावती हाय त्याची."

म्हणता आलं असतं. पण साहेबांनी तोवर वहीत नाव नसलेली चार पोत्यांची पावती शोधून तिच्यावरच्या नंबरला मला फोन लावायला सांगितला होता, आवाज मोठा ठेवून.

"भाऊ, तुमची चार पोती ठेवलीत ना इथं?"

"माझी? माझी कुठली, ताई? ती चुलतीची हायती. म्या निस्ता अंगठा दिलाय. का, काय झालं? ती लई तापंल बघा पोती न्हाय भेटली तर."

मी फोन ठेवला. लिहिणाऱ्यानं मान वर न करता हसू दाबलं. मी सगळं खरं सांगितलं. दुसरं काही सांगायची ताकदही उरली नव्हती.

साहेबांनी मावशींना बोलावून घ्यायला सांगितलं. पुतण्यानं त्यांना मोटारसायकलवर आणलं. साहेबांनी मशीन पुढं सरकवलं. उजवा अंगठा. डावा. मग एकेक बोट. मध्येच त्यांनी स्वतःच्या रुमालानं मावशींची बोटं पुसली.

"दाबून धरा, आजी."

"किती दाबू? दगडावर घासल्यावानी झालं की."

दहाही बोटं झाली. साहेबांनी पंचनाम्यात दोन्ही गोष्टी लिहायला लावल्या: विक्री दुसऱ्याच्या आधारवर केली, आणि मूळ खरेदीदाराचा ठसा समक्ष दहा वेळा घेऊनही उमटला नाही. तेरा पोती मोकळी झाली. चार पोत्यांना विक्रीबंदचा कागद लागला, म्हणजे निकाल लागेपर्यंत ती कुणालाच द्यायची नाहीत, आणि मला नोटीस मिळाली.

मावशींनी ती चार पोती तिथंच भिंतीला बघितली. "माझीच न्हवं ती?" म्हणाल्या. मी हो म्हणाले. दीड महिन्यानं पोती सुटली, तोवर त्यांचं सोयाबीन खताशिवाय पेरून झालं होतं.

सुनावणीत ठसा न उमटल्याच्या त्या एका ओळीनं मला तारलं. निलंबनाऐवजी ताकीद आली. बदल्यात हमीपत्र लिहून दिलं, की यापुढं कुणालाही दुसऱ्याच्या अंगठ्यावर खत देणार नाही. खाली सही केली, शिक्का मारला. परवाना राहिला.

पुढच्या हंगामात मावशी पुतण्याला घेऊन आल्या. मी म्हणाले, "मावशी, आता तसं देता येत नाही. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं करून घ्या."

"दोनदा जाऊन आले. तितंबी उमटत न्हाय."

"मग खत या भाऊंच्याच नावानं घ्यायचं, आणि ते यांच्याच शेतात जाईल असं यांनी लिहून..." मी बोलता बोलता थांबले. पुतण्या जमिनीकडं बघत होता. दोघांनाही माहीत होतं की मी त्यांना खोटं बोलायला शिकवत होते.

मावशी बाकावरून उठल्या, म्हणाल्या, "तुमचं दुकान चालू द्या, बाई. उमरग्याला बघते."

उमरगा लांब आहे, आणि मशीन तिथंही हेच आहे. हे त्यांना माहीत होतं. मला तर होतंच. मी पुढच्या गिऱ्हाइकाचा अंगठा घेतला.