कंपनीची नसलेली चिमणी

मी निंबोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. विद्युत परिपथ हा धडा म्हणजे तर माझा हातखंडा. फळ्यावर बॅटरी, बल्ब, स्विच काढून मी पोरांना दरडावून सांगायचे, की तारेला नको तिथे हात लावला की काय होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचा मूर्खपणा अडाणीपणातून झाला असं कुणी समजू नये. चांगला शिकूनसवरून केला.

बटण दाबलं की सुरू होणाऱ्या स्कूटर बुऱ्हाणपुरात तेव्हा नव्या नव्या येत होत्या. तिथल्या लालबागच्या घरून निंबोल्याच्या शाळेपर्यंत बसमध्ये चेंगरत जायचा मला वीट आला होता, म्हणून हट्टानं एक घेतली. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "हायवेवर बाईनं गाडी चालवाची? जरा काही झालं का इकून टाकाची अन् बस धराची," ही त्यांची अट. मी मान डोलावली. नव्या गाडीला काय होणार? वारंटी होती की!

पण केळीचे ट्रक साइड देईनात. स्कूटरचा हॉर्न पीं पीं करून रडायचा नुसता. मला राग आला की मोठा आवाज लागतो. वर्गात तो माझा स्वतःचा असतो, रस्त्यावर विकत घ्यावा लागला. स्टँडजवळच्या इलेक्ट्रिशियननं वायर कापून ट्रकचा हॉर्न जोडला, पुढे दोन जादा लाइट लावले आणि इंडिकेटरमध्ये एक चिमणी बसवली. "ही माझ्याकडून भेट, मॅडम." वळायला इंडिकेटर दिला की चिवचिव. शोभत नव्हतं माझ्या वयाला, पण आवडलं, काय करू? रोज संध्याकाळी गल्लीत वळताना चिवचिवाट व्हायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "आली मॅडमची वरात." मी तो टोमणा समजून गिळायचे. चहा मात्र आयता गरम मिळायचा. म्हातारीचा अंदाज पक्का आहे, असं मला वाटायचं.

एके दिवशी एका ट्रकवर हॉर्न दाबून धरला आणि सीटखालून धूर आला. वायरिंग जळालं, बॅटरी बसली. ज्याच्यावर हॉर्न मारला होता त्याच ट्रकवाल्यानं हसत हसत गाडी वर चढवून शहरात आणून सोडली. घरी मी सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकली आहे. खरं कळलं असतं तर गाडी गेलीच होती.

मग इलेक्ट्रिशियनला म्हटलं, सगळं असं काढ, जणू कधी लावलंच नव्हतं. त्यानं हॉर्न काढला, लाइट काढले, जोडांवर काळी टेप गुंडाळली. गाडी ढकलत शोरूमला नेली आणि शाळेच्या इन्स्पेक्शनच्या दिवशी ठेवते तसा चेहरा ठेवून सांगितलं, "आपोआप जळाली हो. वारंटीत आहे."

तिथल्या माणसानं त्यांची बॅटरी जोडून एकेक बटण दाबून पाहिलं. इंडिकेटर दाबला. चिवचिव, चिवचिव. बाकड्यावर बसलेली गिऱ्हाइकं पत्र्याकडे बघून पाखरू शोधायला लागली.

"मॅडम, ही चिमणी तर कंपनीची नाही."

इथे गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव! मी चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, चिमणीनं कुठे वायरिंग जळतं? ते हॉर्ननं जळालं."

"कोणता हॉर्न?" त्यानं विचारलं.

पुढचं काय सांगू? वायर कापली म्हणून वायरिंग अन् बॅटरीची वारंटी गेली. इंजिनची राहिली, कारण इंजिनला मी काही केलं नव्हतं. खर्च माझ्या माथी. नव्या वायरिंगला वारंटी आहे, पण आता बाहेरचं काही जोडलंत अन् पुन्हा काही जळालं, तर आमच्याकडे येऊ नका, असंही त्यानं बजावलं. चिमणी काढून त्यानं माझ्या हातात दिली. ती मी पर्समध्ये टाकली.

दुरुस्त झालेली गाडी घेऊन त्या संध्याकाळी मी गल्लीत गुपचूप वळले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, पदर मुठीत धरून, नजर गल्लीच्या दुसऱ्याच टोकाला. मी पुढ्यात उभी राहिले तेव्हा दचकल्या.

"कवा आली? चिमणी नाही वाजली."

चहाही झालेला नव्हता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी धुरापासून शोरूमपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि 'इकून टाक' ऐकायला मान खाली घालून उभी राहिले.

"चिमणी कुठी हाय?"

पर्समधून काढून दाखवली. म्हटलं, "आता नाही लावता येणार. नव्या वायरिंगचीही वारंटी जाईल."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "शाळा सुटाच्या टायमाले मी कान लावून बसते. ते वाजली का मंग चहा ठेवते. गाडीची वारंटी घेऊन बसली तू. तुझी वारंटी मले कोन देते?"

मला एकदम रडू आलं.  त्या दिवशी चहा मीच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आधी स्टँडजवळच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले.